कुत्रा अंगण उकरत असेल तर या चुका टाळा

अंगणात खड्डा दिसला की बहुतेक जण तो लगेच बुजवतात आणि कुत्र्याला रागावतात. पहिली चूक येथेच होते, कारण खड्डा कोठे आहे आणि तो दिवसाच्या कोणत्या वेळी उकरला गेला, यावरून उकरण्याचे कारण बरेचसे कळते. भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत, अंग मावेल एवढा उथळ खड्डा असेल आणि कुत्रा त्यात पोट टेकून पडत असेल, तर तो खालची गार माती शोधत आहे. कुंपणालगतचे खड्डे बहुधा बाहेर पडण्याचा प्रयत्न दाखवतात. एकाच रेषेत किंवा झाडाच्या मुळांशी उकरलेले असेल, तर जमिनीखाली उंदरांची बिळे असण्याची शक्यता तपासावी. दिवसभर एकटा राहणारा, पुरेसे फिरायला न मिळणारा तरुण कुत्रा मात्र कोठेही उकरतो.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत नुकसानकारक चूक म्हणजे उशिरा केलेली शिक्षा. संध्याकाळी घरी आल्यावर खड्ड्याजवळ ओढत नेऊन ओरडल्यास किंवा मातीत नाक घासल्यास, त्या रागाचा संबंध कुत्रा दुपारच्या उकरण्याशी जोडू शकत नाही. तो संबंध जुळण्यासाठी प्रतिक्रिया कृतीनंतर एक-दोन सेकंदांत यावी लागते. ‘त्याला आपली चूक कळते, म्हणूनच तो मान खाली घालतो’ असे अनेक जण ठामपणे सांगतात. परंतु कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ही अपराधी वाटणारी मुद्रा कुत्र्याने काय केले यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे दिसले. शिक्षेने कुत्रा मालकाला घाबरू लागतो, आणि एकटेपणाच्या अस्वस्थतेतून उकरणारा कुत्रा तर अधिकच उकरतो.

खड्ड्यात तिखट टाकणे क्रूर आहे, आणि डांबरगोळ्या टाकणे सरळ विषबाधेला निमंत्रण आहे. उंदरांसाठी विष ठेवणेही तितकेच घातक, कारण कुत्रा ते विष किंवा विषाने मेलेला उंदीर खाऊ शकतो. त्याऐवजी बिळे बंद करून उंदरांना मिळणारे अन्न हटवावे. खताकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. हाडांच्या चुऱ्याच्या वासाने कुत्रा वाफा उकरतो, आणि एरंडीची पेंड खाल्ल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते.

उकरणे पूर्णपणे थांबवण्याचा हट्टही सोडावा. टेरियर आणि डॅशहुंड या जाती बिळातील प्राण्यांच्या शिकारीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या आहेत. त्यांच्याकडून ही ओढ काढून घेता येत नाही, तिला जागा द्यावी लागते. अंगणाच्या एका सावलीतल्या कोपऱ्यात चौकट करून भुसभुशीत माती किंवा वाळू भरावी, सुरुवातीला त्याच्या देखत खेळणे किंवा खाऊ अर्धवट पुरावा आणि तेथे उकरताच मनापासून कौतुक करावे. दुसरीकडे उकरताना दिसल्यास न ओरडता हाक मारून त्याला त्या कोपऱ्यात आणावे. येथे अनेकांचा धीर सुटतो. काही दिवस खाऊ पुरून मग ते विसरतात आणि कोपरा ओस पडतो, म्हणून अधूनमधून नवे काहीतरी पुरत राहावे. रोजचे फिरणे आणि वास घेत शोधण्याचे खेळ यांची जोड हवीच.

गारव्यासाठी उकरणाऱ्या कुत्र्याला सावली आणि भरपूर पाणी द्यावे. बाहेर पडण्यासाठी उकरत असेल तर कुंपणाच्या तळाशी जाळी आतल्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीत पुरावी आणि तिची टोके मोकळी ठेवू नयेत.

मादी अचानक उकरू लागली आणि खेळणी गोळा करून त्यांना जपू लागली, तर ती गाभण असू शकते किंवा माजानंतर काही आठवड्यांनी दिसणारी खोटी गर्भधारणाही असू शकते. अशा वेळी, तसेच उकरून पंजातून रक्त येत असल्यास किंवा कुत्रा माती खात असल्यास, पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.