राक्षसाची एकादशी: शाळेत विनोदी संगीत बालनाट्य बसवताना

स्नेहसंमेलनातलं परीकथेचं नाटक बहुतेक वेळा एकाच कारणानं पडतं. विनोदाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही. कपडे झकास, नाच झकास, पण राक्षस काय बोलला ते कुणाला कळलंच नाही, तर हसणार कोण? म्हणून चाल, हालचाल, मुखवटा, माइक, काहीही ठरवताना आधी एवढंच बघा: यानं शब्द ऐकू येईल की बुडेल?

चौथी ते सातवीची पंचवीसेक मुलं असतील तर 35 ते 40 मिनिटांचा प्रयोग पुरे. पाच प्रवेश, सहा गाणी, प्रत्येक गाणं दोन मिनिटांच्या आत. तालमीला सहा आठवडे धरा, रोज सव्वा तास. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच सुरुवात केली तर डिसेंबरअखेरचं संमेलन गाठता येतं. पहिले दोन आठवडे फक्त गाणी आणि वाचन करा. गाणं तोंडात बसण्याआधी नाच शिकवला की मुलं पाय मोजत बसतात आणि शब्द गिळतात.

गोष्ट जवळची घ्या. आपल्याकडच्या मुलांनी सहलीत देवगिरीचा किल्ला पाहिलेला असतो, खंदक आणि ती अंधारी वाटही. राजकन्येला पळवायला आलेला राक्षस त्या अंधारीत शिरतो आणि त्यालाच अंधाराची भीती वाटते, इथं अर्धं नाटक तयार झालं. भाषेचं एक पथ्य मात्र पाळा. नोकर आणि गावकरी तेवढे बोलीत आणि राजा-राणी पुस्तकी, अशी वाटणी करू नका. मग मुलांच्या घरातली भाषाच हसण्याचा विषय होते. उलट करून बघा. राजा म्हणू दे, "कामून ओरडायलास रे?" आणि राक्षस बोलू दे शुद्ध, अदबशीर. जास्त हशा येतो, आणि तो कुणाला खाली न पाडता येतो.

आता एक जागा बारकाईनं पाहू. राक्षस गर्जतो, "आज मी सगळं गाव खाणार!" राजकन्या शांतपणे म्हणते, "आज एकादशी हाय. उपासाला माणूस चालतंय का?" राक्षस बोटं मोजतो, थबकतो, आणि विचारतो, "मग... साबुदाणा तरी आहे का?"

इथं मुलं तीन चुका हमखास करतात. राक्षस झालेला मुलगा वाक्याआधीच हसतो. त्याला "हसू नकोस" म्हणून उपयोग नाही, काम द्या: उपासाला काय काय चालतं ते बोटांवर मनात खरंच मोजायचं, चौथ्या बोटाला वाक्य. त्याची भूक आणि चिंता खरी असेल तरच प्रेक्षक हसतात. दुसरी चूक म्हणजे त्याच वेळी मागची प्रजा हलत असते. हशाच्या वाक्याला बाकी सगळ्यांनी राक्षसाकडं बघत स्तब्ध राहायचं. आणि तिसरी, हशा सुरू असतानाच पुढचं वाक्य येतं नि वाया जातं. हशा पूर्ण थांबेपर्यंतही थांबू नका, वेग पडतो. तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य. तालमीत हे कळत नाही कारण समोर कुणी हसत नसतं. म्हणून रिकाम्या मुलांना समोर बसवून त्या जागांवर टाळ्या वाजवायला सांगा.

चालींसाठी सिनेमाची गाणी नकोत. आपल्या हाताशी भारूड आहे, गोंधळ, वासुदेव, भुलाबाई आहे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांचा घाट मुलांना फार सोयीचा: एकानं कडवं म्हणायचं, सगळ्यांनी छोटं ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलायचं. कच्च्या आवाजाच्या मुलांना ध्रुपदच पुरतं. गोंधळातला नाईक आणि मध्येच प्रश्न टाकणारा त्याचा साथीदार ही जोडी निवेदनाला घ्या. साथीदारानं भाबडे प्रश्न विचारायचे, म्हणजे गोष्टही पुढं सरकते नि विनोदही होतो. संबळ जरूर वापरा, पण ओळीच्या मधल्या जागेत. काठ्यांनी वाजणारं ते वाद्य ओळीवर वाजलं की दहा मुलांचा आवाज झाकून टाकतं.

पट्टी ठरवताना पेटीवर मोजून बघा. या वयाचा आवाज मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (सप्तकाची पहिली पांढरी पट्टी) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात जातो. चाल सा ते तार सा (वरचा सा) फिरत असेल तर सा पांढरी एक किंवा दोनवर ठेवा. खाली मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या प ला) जाऊन वर धैवतापर्यंतच (ध पर्यंतच) येत असेल तर पांढरी चार. बाई किंवा सर स्वतःच्या पट्टीत शिकवतात आणि मुलं ओरडू लागतात. आठवड्याभरात घसे बसतात. आवाज फुटू लागलेल्या मुलाला वर खेचू नका, त्याला ठेक्यावर बोलायच्या ओळी द्या. आणि जी मुलं जोरात नाचतात त्यांच्याकडून गाण्याची अपेक्षा धरू नका; दोन्ही विंगांजवळ पाच-पाच गाणारी मुलं उभी करा.

नेपथ्य हलकं हवं. बांबूच्या चौकटीवर कापड ताणून सहा बाय चार फुटांचे तीन फलक करा, एका बाजूला तटबंदी, दुसऱ्या बाजूला जंगल. दोन मुलांनी फलक फिरवला की प्रवेश बदलला. अंधार करून बदलू नका, मुलं धडपडतात; कोरस गात असताना उघड्यावरच बदला. मैदानातल्या मंचावर संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा प्रत्येक पायाला पाच किलो वाळूची पिशवी बांधा.

राक्षसाचा मुखवटा नाकापर्यंतच, तोंड मोकळं. फुगवलेल्या फुग्यावर मैद्याच्या खळीनं वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चार थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. घाई केली तर आतून ओलं राहून कुबट वास येतो आणि मुलगा तो घालायलाच तयार होत नाही. पोटाला कापसाची उशी, पण बसता-उठता येईल एवढीच.

माइक मंचाच्या पुढच्या कडेला तीन, स्टँडवर, मुलांच्या हनुवटीच्या उंचीचे. स्पीकर माइकच्या पुढं, प्रेक्षकांकडं तोंड करून. मागं ठेवले की शिट्टी वाजते. एक छोटा स्पीकर मुलांकडं वळवा, नाहीतर त्यांना संगीत उशिरा ऐकू येतं आणि सगळं गाणं मागं पडतं. ट्रॅक मोबाइलवरून वाजवणार असाल तर ब्लूटूथ नको, वायर लावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. गाण्याच्या मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण तालीम माइक आणि ट्रॅकशिवाय घ्या, नुसती पेटी आणि संबळ. प्रयोगाच्या रात्री वीज गेली तर कोणत्या वाक्यावर थांबायचं नाही, पेटी कुणी उचलायची आणि गाणारी मुलं मंचाच्या पुढं कुठं सरकणार, हे त्याच तालमीत ठरवून टाका. बॅटऱ्या दोन, दोन्ही विंगांत एकेक, मोठ्या माणसाच्या हातात.