स्लॅशर घेताय? आधी शाफ्ट मोजा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची साडेचार एकर काजूची बागायत आहे. बाबा होते तोवर दसरा झाला की पाच-सहा माणसं कोयते घेऊन यायची आणि आठवड्याभरात रान साफ व्हायचं. आता माणसं मिळत नाहीत. म्हणून चार वर्षांपूर्वी २८ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतला आणि मागोमाग एक जुना स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून गवत-झुडपं कापायचं अवजार. त्या स्लॅशरने पहिल्याच आठवड्यात मला जे दाखवलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. ट्रॅक्टर चालवता येतो, थ्री-पॉइंटला (ट्रॅक्टरमागच्या तीन जोडांना) अवजार जोडता येतं, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते.

अवजार कुठलं घ्यावं? आमच्याकडे रान म्हणजे गवत, रानमोडी, घाणेरी आणि मधेमधे कुड्याची रोपं. याला स्लॅशर पुरतो. त्याची पाती पिनवर मोकळी फिरतात, दगड लागला तर मागे वळतात. मल्चर त्याच झुडपाचा बारीक चुरा करतो, दगडही कमी फेकतो, पण महाग आहे आणि ताकद जास्त खातो. दहा-बारा एकर असतील किंवा चार-पाच जण मिळून घेणार असाल तर मल्चरचा विचार करा.

रोटाव्हेटरने रान साफ करू नका. हे मी तावातावानेच सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी करतंच. एका फेरीत जमीन काळीभोर, स्वच्छ दिसते हे खरं. पण काजूची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटतात. उताराची माती मोकळी होते आणि जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात ओहोळात जाते. खाली उरतो जांभा. ती माती परत आणता येत नाही.

एचपीचं गणित सोपं आहे, तरी लोक फसतात. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा. पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्याला, त्यातले साधारण ८० ते ८५ टक्केच पोचतात. स्लॅशरला रुंदीच्या दर फुटामागे पीटीओचे पाच एचपी धरा. माझ्या २८ एचपीला चार फुटी स्लॅशर आरामात चालतो. विकणारा मला पाच फुटी गळ्यात मारत होता. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, तिच्या अहवालात पीटीओची ताकद वेगळी दिलेली असते. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो कागद बघा. अनुदानासाठी कृषी कार्ड (गोवा सरकारचं शेतकऱ्याचं कार्ड) घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा, पण अवजार विकत घ्यायच्या आधी जा.

आता शाफ्ट. इथे मला जरा जास्त वेळ द्या.

स्लॅशरबरोबर पीटीओ शाफ्ट, म्हणजे पीटीओची फिरती ताकद स्लॅशरपर्यंत नेणारा दांडा, आला होता. आधीच्या मालकाचा ट्रॅक्टर वेगळा होता, हे मला माहीत होतं. त्याने काय फरक पडतो ते माहीत नव्हतं. स्लॅशर जमिनीवर ठेवून मी शाफ्ट लावला. शेवटची पिन बसायला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागला. नवीन हात आहे, बसेल हळूहळू, असं वाटलं. तीन तास काम छान झालं. मग बांध ओलांडायला स्लॅशर वर घेतला, आणि अर्ध्यावर मागून ‘टक्’ असा जाड आवाज आला. पुढे काहीच झालं नाही म्हणून मी तशीच चालवत राहिले. संध्याकाळी पीटीओखालच्या पाल्यावर तेलाचे थेंब होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताएवढा डाग.

गॅरेजवाल्या काकांनी स्लॅशर नुसता वरखाली करून पाहिला आणि म्हणाले, “बाय, शाफ्ट लांब जालो गो.” बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही गेलं होतं. ऐन नोव्हेंबरात अकरा दिवस ट्रॅक्टर उभा राहिला.

झालं काय होतं, ते समजून घ्या. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. अवजार वर-खाली होतं तसं ट्रॅक्टर आणि स्लॅशरच्या गिअरबॉक्समधलं अंतर बदलतं, आणि नळ्या तेवढ्या आत-बाहेर होतात. बहुतेक वेळा हे अंतर सगळ्यात कमी होतं ते पीटीओ आणि गिअरबॉक्स एका सरळ रेषेत येतात तेव्हा. जमिनीवर टेकलेल्या स्लॅशरला शाफ्ट तिरका असतो, म्हणून तो बसतो. उचलताना मधल्या जागी आतली नळी तळाला टेकते. हायड्रॉलिक मात्र उचलतच राहतं. ते सगळं बळ शाफ्टच्या रेषेत पीटीओच्या बेअरिंगवर जातं, आणि ते बेअरिंग असल्या रेट्यासाठी बनवलेलं नसतं.

मोजायचं असं. शाफ्ट न लावता स्लॅशर थ्री-पॉइंटला जोडा. तो हळूहळू उचलत दोन्ही टोकं एका रेषेत आली की थांबा, स्लॅशरखाली लाकडी ठोकळे द्या, इंजिन बंद, चावी खिशात. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक पीटीओला, एक गिअरबॉक्सला लावा आणि शेजारी शेजारी धरा. नळीचं टोक पलीकडे तळाला टेकायच्या आधी इंच-दीड इंच जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर खूण करून कापा: दोन्ही नळ्या सारख्याच, आणि वरचं प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच. कापलेली कड कानशीने घासा, कीस पुसा, ग्रीस लावा. मग स्लॅशर पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघा. सगळ्यात लांब झाल्यावरही नळ्या एकात एक किमान एक तृतीयांश राहिल्या पाहिजेत. घाईत जास्त कापू नका. आखूड शाफ्ट खळग्यात सुटतो, आणि सुटलेला अर्धा भाग मिनिटाला ५४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा, गरगरत राहतो.

ट्रॅक्टर बदलला की पुन्हा मोजा. टॉप लिंक (थ्री-पॉइंटचा वरचा जोड) बरीच फिरवली तरी पुन्हा बघा. आणि शेजाऱ्याला स्लॅशर उसना देत असाल तर शाफ्टचं त्याला सांगूनच द्या.

घाबरू नका. हे सगळं काम तासाभराचं आहे, एका ट्रॅक्टर-स्लॅशरच्या जोडीला एकदाच करायचं आहे, आणि कापायला कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडर असतो.

शियर बोल्टबद्दल थोडंच. पातं कशात अडकलं की गिअरबॉक्स वाचवायला शाफ्टच्या जोडातला हा बोल्ट तुटण्यासाठीच असतो. दोनदा तुटला म्हणून हार्डवेअरमधून कडक बोल्ट आणून घालायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका, मग बोल्टाऐवजी गिअरबॉक्स तुटतो. त्याच ग्रेडचे पाच-सहा बोल्ट डब्यात ठेवा.

सिंगल क्लचचा, म्हणजे चाकं आणि पीटीओ एकाच क्लचवर असलेला, जुना ट्रॅक्टर असेल तर आणखी एक. क्लच दाबला तरी फिरणाऱ्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येतो आणि ट्रॅक्टर दोन-चार फूट पुढे ढकलला जातो. विहिरीच्या किंवा कडेच्या जवळ हे जिवावर बेतू शकतं. पीटीओवर ओव्हररनिंग क्लच (हा उलटा जोर ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा जोड) बसवून घ्या, नंतरच रानात जा.

शिकायचं कोणाकडून? व्हिडिओ मीही खूप पाहिले. त्यात सपाट हिरवं कुरण असतं, आपल्यासारखे चिरे आणि खुंट नसतात. मला खरं शिकवलं ते गावातल्या एका जुन्या चालकाने. अर्धा दिवस त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसूच दिलं नाही. गमबूट घालून, हातात काठी घेऊन सगळी बागायत चालायला लावली. पडक्या गडग्याचे चिरे, जुने खुंट, वारुळं, तार. दिसेल तिथे काठी रोवून लाल चिंधी बांधायची. गवतात फुरसंही असू शकतं, त्यामुळे काठी आधी, पाय नंतर. उतारावर ते मला सरळ वर-खालीच चालवायला लावत, आडवं कधीच नाही. स्लॅशरच्या मागच्या साखळ्या तुटलेल्या दिसल्या तर ते काम सुरूच करू देत नसत, कारण दगड तिथूनच उडतो. चालू स्लॅशरच्या आसपास कोणी उभं राहायचं नाही, घरचं पोर तर नाहीच. बांध ओलांडताना आधी पीटीओ बंद, मग अवजार वर.

कधी कापायचं? रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि मग तिचं बी वाऱ्यावर पसरतं. त्याआधी, पाऊस थांबून जमीन चाकाला घट्ट लागली की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिली फेरी मारा. ती मुळापासून परत फुटणारच. दुसऱ्या वर्षी तिचा जोर कमी दिसतो, धीर सोडू नका. दुसरी फेरी काजूची बी पडायला लागायच्या आधी, नाहीतर वेचणाऱ्या बायकांना गवतात काजू दिसत नाही. बुंध्याभोवतीचं काम ब्रश कटरनेच करा. सरसकट साफ करताना झाडांवर हात टाकू नका. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह ठिकठिकाणी आगी लागल्या, तेव्हापासून आग अडवायला कडेचा पट्टा मी सगळ्यात आधी करते. स्लॅशर कापलेलं गवत ओळीने टाकून जातो आणि ते महिन्याभरात वाळून कोळ होतं. म्हणून त्या पट्ट्यातलं गवत दाताळ्याने ओढून आत, झाडांच्या मुळाशी नेऊन टाकते. चार-पाच मीटर रुंद, मातीपर्यंत मोकळा पट्टा. यंदा त्याचे दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी स्लॅशर आत घेतला.