गेंडा, खिळे आणि आठ कोन: पुण्यातल्या इमारती कशा वाचाव्यात

रिटायर होईपर्यंत ३१ वर्षं मी आर्किटेक्ट लोकांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होतो. जुनी इमारत दुरुस्तीला आली की फीत, ओळंबा आणि फळी घेऊन आधी मी जायचो, साहेब नंतर यायचे. त्यामुळे ओळखीचे लोक हमखास विचारतात, "काका, या नक्षीचा अर्थ काय हो?" आता काहीतरी गुपित बाहेर येणार, असा चेहरा करून विचारतात. बहुतेक वेळा बाहेर येतो तो पाऊस, पैसा किंवा सुताराच्या हाताची सवय. पण कधीकधी खरंच काहीतरी असतं. ते कसं हुडकायचं, एवढंच सांगतो.

सामान फार लागत नाही. छोटी दुर्बीण, टॉर्च, मोबाइलमधलं होकायंत्र, वही आणि पेन्सिल. सकाळी आठच्या आत पोचा. ऊन तिरपं असतं तेव्हाच उथळ कोरीवकाम उठून दिसतं. बाराला तीच भिंत सपाट वाटते. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला थेट ऊन फारसं मिळतच नाही, तिथे टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा मारायचा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'दिसतं', उजवीकडे 'सांगतात'. उजवीकडची गोष्ट डावीकडे न्यायची असेल तर पुरावा पाहिजे. आमची सगळी विद्या या रेघेत आहे.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करा. दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहून होकायंत्र उघडा: उत्तर. हे डावीकडे. 'उत्तरेला तोंड करून बाजीरावांनी मोगलांना आव्हान दिलं आणि शाहू महाराजांना ते रुचलं नाही' हे उजवीकडे. १७३७ साली बाजीराव खरोखर दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले, त्यामुळे ही कथा अगदीच हवेतली नाही. पण वाड्याच्या वास्तुशांतीनंतर पाच वर्षांनी झालेल्या स्वारीवरून दाराचा हेतू सिद्ध होत नाही. राहू द्या ती उजवीकडेच.

आता खिळे. एकेका दारावर नऊ गुणिले आठ, म्हणजे ७२. एकदा आमच्याबरोबर फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी ताबडतोब हिशेब मांडला: सात आणि दोन नऊ, नऊ म्हणजे नवग्रह, शिवाय वाड्याचे बुरूजही नऊच! मी त्यांना म्हटलं, आकडा सोडा, उंची बघा. साधारण हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर हे लांब टोकदार खिळे आहेत. हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून ते ठोकलेत. मग दाराच्या आतून चालत जा. सरळ जाता येत नाही. आधी उजवीकडे वळावं लागतं, लगेच डावीकडे. दार फुटलं तरी आत घुसलेल्या फौजेचा वेग इथे मोडतो. ही वळणं मी फितीने मोजली होती, पण कळली ती चालल्यावर.

इथेच एक गंमत. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला, शनिवारी घातला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, तीही शनिवारी. माझ्या भाच्याने तिथल्या तिथे मोबाइलमध्ये वार पाहिला. दोन्ही तारखांना मंगळवार! "मामा, म्हणजे नाव खोटं?" नाव खोटं नाही. या तारखा इंग्रजांच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत. आजचं कॅलेंडर त्यांनी १७५२ मध्ये घेतलं. तेव्हा दोहोंत ११ दिवसांचं अंतर होतं. पहिल्या तारखेत ११ मिळवा, २१ जानेवारी १७३० येते. दुसरीत मिळवा, २ फेब्रुवारी १७३२. दोन्ही शनिवार. मुहूर्त, शुभ वार, नक्षत्र यावर जिथे अर्थ उभा केलेला असेल तिथे आधी कॅलेंडर कोणतं ते बघा. फोनवर विसंबून भांडू नका.

तिथून थोरल्या बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाड्यासमोर या. हा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा. दर्शनी सज्जाचे, सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब पाहा, त्यावरची केळफुलं पाहा. केळफूल शुभ, ते बरोबरच. पण सुरूचा खांब ही मोगली दरबारी फॅशन, उत्तरेतून आलेली. आजोबांनी दिल्लीकडे दार वळवलं आणि घराण्यातल्या शेवटच्या पेशव्याने दिल्लीची ऐट दारात उभी केली, असं मला तो सज्जा बघताना वाटतं. हे माझं मत, उजवीकडे लिहा.

आता सोमवार पेठ. नागझरीकाठचं त्रिशुंड गणपतीचं देऊळ पुण्यातल्या कितीतरी लोकांनी पाहिलेलं नाही. इथे निदान तासभर काढा. काळा घडीव दगड आहे, काम १७५४ ते १७७० या काळातलं. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती आहे आणि गाभाऱ्याच्या भिंतीवर शिलालेख आहेत, संस्कृतात आणि फारसीत. फारसी बघून दचकू नका. त्या काळात दफ्तराची भाषा म्हणून ती सगळीकडे होती.

पण तुम्ही आधी बाहेरच थांबा. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, वेलबुट्टी यांच्यात एक साखळदंड घातलेला गेंडा आहे, आणि त्याच्याजवळ बंदुका घेतलेले गोरे शिपाई. पुण्यातल्या देवळावर गेंडा! पाथरवटाने तो जन्मात पाहिला असेल का, कोण जाणे. नेहमी सांगितला जाणारा अर्थ असा: गेंडा म्हणजे बंगाल आणि आसाम, साखळी म्हणजे इंग्रजांची सत्ता, प्लासीच्या लढाईनंतरची.

ही गोष्ट रेघेच्या कुठल्या बाजूला? तारखा मांडा. प्लासी १७५७. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली १७६५ ला. देऊळ पुरं झालं १७७०. बंगालपुरता अर्थ बसतो, आणि देवळाचं काम चालू असतानाच्या ताज्या बातम्या दगडावर आल्या, ही कल्पना मला फार आवडते. पण आसाम इंग्रजांकडे गेलं ते १८२६ च्या यांदाबूच्या तहानंतर, म्हणजे देवळानंतर ५६ वर्षांनी. पाथरवट भविष्य सांगत नसेल तर आसाम खोडा. लोक गेंडा म्हटलं की आसामच धरतात, कारण आज बहुतेक गेंडे तिथेच उरलेत; पण बंगालात तो त्या काळीही होता. एका अर्थाचे असे दोन तुकडे करता आले की समजा, इमारत वाचता यायला लागली.

आता माझी फजिती सांगतो. महात्मा फुले मंडईच्या मधल्या मनोऱ्याला आठ बाजू आहेत. सोसायटीतल्या मंडळींना फिरवून आणायचं म्हणून मी एक पत्रक छापलं होतं, २०० प्रती. त्यात ऐटीत लिहिलं, 'मंडईचे आठ कोन म्हणजे अष्टदिशांकडून येणारी समृद्धी.' पुढे दुसऱ्याच एका कामावर एका म्हाताऱ्या गवंड्याला ते वाचून दाखवलं. तो विडी विझवून म्हणाला, "साहेब, चौकोनातून चारच बाजूंना जाता येतं. तिरकं जायचं तर कोपरा कापावा लागतो. कोपरे कापले की आठ होतात." मधल्या मनोऱ्यातून दालनं चहूकडे फुटायची तर अष्टकोन हा सरळ व्यवहार होता. दिशा माझ्या डोक्यातल्या होत्या.

मंडईचं खरं प्रतीक तिच्या नावात आहे. १८८६ ला ती उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट होती. इमारत उभी केली वासुदेव बापूजी कानिटकरांनी. फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारतही त्यांचीच. आणि जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना या बाजारावरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. पुढे त्यांचंच नाव तिला मिळालं. तेव्हा पाटी वाचताना दोन प्रश्न विचारायचे: हे नाव कधी लागलं, आणि आधी काय होतं? नक्षीत सापडत नाही एवढं राजकारण पाटीत सापडतं.

कॅम्पात लाल देवळासमोर थोडाच वेळ थांबा. लाल विटा, उंच मनोरा, गॉथिक कमानी, त्यामुळे नवखा माणूस चर्च समजून हात जोडतो. ते १८६७ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा. ससून हॉस्पिटलची जुनी इमारतही त्याचीच. म्हणजे कमानीवरून आर्किटेक्टच्या सवयी कळतात, आत कोणता देव आहे ते कळत नाही. त्यासाठी खुणा बघाव्या लागतात. परवानगी काढल्याशिवाय आत शिरू नका, फोटोही विचारून काढा.

शेवटचं ठिकाण मुद्दाम नवं ठेवलंय, विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था. चार्ल्स कोरियांनी हा आराखडा केला आणि अर्थ त्यात जाणूनबुजून घातला. बाहेरची भिंत खालून वर बघत जा: तळाला इथलाच काळा बसाल्ट, त्याच्यावर आणखी काळा कडप्पा, सर्वांत वर चकाकणारा काळा ग्रॅनाइट. वर जाल तसा काळोख गडद होतो आणि माथ्याच्या पॉलिशमध्ये आभाळ दिसतं. अंतराळात शिरल्यासारखं वाटावं म्हणून हे केलंय. आत मधोमध देवळासमोर असतं तसं पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. इथे डावीकडचा रकाना भरभर भरतो, कारण करणाऱ्यानेच सांगून ठेवलंय.

नवग्रहवाले गृहस्थ तेव्हाही बरोबर होते. कुंडाच्या पायरीवर बसून म्हणाले, "पण वास्तुशास्त्राप्रमाणे पाणी ईशान्येला हवं ना?" मी होकायंत्र त्यांच्या हातात दिलं आणि चहा प्यायला गेलो.