सेटवर पिस्तूल आणताय? मग हे आधी ठरवा
घोडबंदरला बंगला घेऊन वेब सिरीज शूट करताय आणि सीनमध्ये पिस्तूल आहे, तर ते कोणाच्या ताब्यात राहणार ते कॉलशीटवर (त्या दिवसाच्या शूटिंगच्या कागदावर) नावानिशी लिहा, 'प्रॉडक्शन बघेल' असलं मोघम नको. त्या माणसाने प्रत्येक टेकआधी मॅगझिन (गोळ्या भरतात तो भाग) काढून, चेंबर (गोळी बसते ती जागा) उघडून अ‍ॅक्टरला दाखवायचं, कितीही कंटाळा आला तरी. खरी गोळी सेटवर नकोच, आणि ब्लँकसुद्धा (पुढे गोळी नसलेलं, नुसत्या दारूचं काडतूस) जवळून जीव घेते हां. कोणी गेलंच तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू, लागू शकतं, ५ वर्षांपर्यंत कैद, आणि ते फक्त ट्रिगर दाबणाऱ्यालाच लागतं असं नाही. न्यू मेक्सिकोत २०२१ ला सिनेमाच्या सेटवर बंदुकीतली गोळी लागून सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली, त्यात १८ महिने कैद झाली शस्त्रं सांभाळणारीला, बंदूक हातात असलेला अ‍ॅक्टर अ‍ॅलेक बाल्डविन याच्यावरचा खटला २०२४ मध्ये रद्द झाला (तोही सरकारी बाजूने पुरावा दडवला म्हणून). खरं सांगू, सरळ रबराची बंदूक घ्या, जाळ व्हीएफएक्सवाला नंतर कॉम्प्युटरवर टाकतो.