पॉवर अँपची तुलना करताय? मग या चुका टाळा

दोन महागडे पॉवर अँप, म्हणजे स्पीकर चालवणारे अँप्लिफायर, एकाच घरात समोरासमोर येणं ही जळगाव-धुळ्याकडे वारंवार घडणारी गोष्ट नाही. निवांत बसून ऐकायला शोरूम जवळ नसतं. कोणाकडून तरी शनिवार-रविवारपुरता अँप मागून आणलेला असतो, सोमवारी परत द्यायचा असतो. मग घाईघाईत वायरी बदलायच्या, आवडतं गाणं लावायचं आणि पाच मिनिटांत निकाल द्यायचा. अशा निकालात अँपचा वाटा थोडा असतो, जोडणीतल्या चुकांचा मोठा.

आवाज न जुळवता ऐकायला बसणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. प्रत्येक पॉवर अँपचा गेन वेगळा असतो. २६ डीबी (डेसिबल) गेनचा अँप आत आलेला सिग्नल २० पट करतो, २९ डीबीचा साधारण २८ पट. प्रीअँपचा, म्हणजे पॉवर अँपच्या आधी लागणाऱ्या व्हॉल्यूमच्या डब्याचा, नॉब तसाच ठेवून अँप बदलला, तर दुसरा अँप स्पीकरला थेट दुप्पट पॉवर देतो. फरक एवढा मोठा असला की निदान संशय तरी येतो. खरी फसगत अर्ध्या डीबीला होते. तेवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळतच नाही. तो ‘मोकळा’, ‘स्वच्छ’, ‘जिवंत’ असा वाटतो, आणि माणूस त्यावर लाखाचा व्यवहार ठरवतो.

अमळनेरच्या एका घरात नेमकं हेच झालं. जुना अँप आणि मागून आणलेला नवा, तीन संध्याकाळी ऐकणं चाललं. नवा लावला की डग्ग्याचा घुमारा भरून यायचा, हार्मोनियमचा भाता सुद्धा ऐकू यायचा. आतल्या खोलीतून शालक ओरडला, “आते वाजी राह्यना!” (आता वाजतोय!) जुना विकायचा ठरला, गिऱ्हाईकही बघून ठेवलं. चौथ्या दिवशी कोणीतरी स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावला. नॉब तिथेच, चाचणीचा टोन तोच. जुना २.८३ व्होल्ट, नवा ४.०० व्होल्ट. म्हणजे पूर्ण ३ डीबीचा फरक. आवाज जुळवला, दोन्ही अँपवर चादर टाकली आणि तीच मंडळी पुन्हा ऐकायला बसली. दहा वेळा विचारलं, पाच वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवूनही तेवढंच येतं. जुन्याची विक्री थांबली.

जुळवायची रीत सोपी आहे, फक्त धीर हवा. ४०० हर्ट्झचा साइन टोन, म्हणजे एकाच सुराचा चाचणीचा आवाज, लावा. स्पीकर जोडलेलाच ठेवा आणि त्याच्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर लावून पहिल्या अँपला २.८३ व्होल्ट येईपर्यंत नॉब फिरवा. ८ ओहमला हा एक वॅट होतो. दुसऱ्या अँपला वाचन २.८० ते २.८६ च्या आत आणा, म्हणजे फरक ०.१ डीबीच्या आसपास राहतो. डावा-उजवा दोन्ही बाजू मोजा. प्रीअँपचा व्हॉल्यूम अर्ध्या-अर्ध्या डीबीच्या टप्प्याने सरकत असेल तर एवढं काटेकोर जुळणार नाही. मग ज्या अँपचा गेन जास्त त्याच्या इनपुटला सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर लावावा लागतो. हजार हर्ट्झ न घेता ४०० घ्यायचं कारण असं की बरेचसे स्वस्त मीटर तेवढ्यापर्यंतच एसी नीट मोजतात.

मीटरही बघून घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या त्या पिवळ्या मीटरमध्ये एसीच्या रेंज दोनच असतात, २०० आणि ७५०. त्यावर नुसतं २.८ दिसतं. पुढचं २.९ येईपर्यंत ०.३ डीबीची चूक झालेली असते. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा मीटर नसेल तर तुलना पुढे ढकला. लाखाचा अँप घेणाऱ्याने मीटरसाठी हात आखडू नये.

चादर टाकून ऐकणं पोरखेळ नाही. १९७८ साली क्वाड कंपनीने व्हॉल्व्हचा जुना क्वाड टू, ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि तेव्हाचा नवा ४०५ असे तिन्ही जाणत्या श्रोत्यांना न दाखवता ऐकवले. श्रोत्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. घरी करायचं तर सोळा वेळा विचारा आणि अँप बदलणाऱ्याने नाणं उडवून क्रम ठरवावा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर फरक आहे म्हणा. नऊ-दहावर कोणी छाती काढू नये.

लाल वायर बदलणारा, काळी एकत्र ठेवणारा स्विच

झटपट बदलता यावं म्हणून साधा स्विच आणून डबी बनवणारे बरेच आहेत. फक्त लाल वायर स्विचवर घ्यायची, दोन्ही अँपच्या काळ्या वायरी एकत्र बांधून टाकायच्या. ही डबी अँप मारते. ब्रिज पद्धतीच्या अँपमध्ये (एकाच स्पीकरला दोन बाजूंनी दोन अर्धे अँप चालवतात), आणि क्लास डीच्या (वेगाने चालू-बंद होऊन काम करणाऱ्या) बऱ्याच अँपमध्ये, काळं टर्मिनल ग्राउंड नसतंच. लालसारखंच तेही आतून चालवलेलं असतं. दुसऱ्या अँपचं काळं टर्मिनल मात्र ग्राउंडवर असतं, आणि दोघांचे ग्राउंड प्रीअँपकडून सिग्नल आणणाऱ्या आरसीए वायरीतून आधीच जुळलेले असतात. एकत्र बांधलं की अर्धा अँप थेट ग्राउंडला शॉर्ट. एकदा ‘टक्’ होतं आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. बिघाड झाला की स्पीकर तोडणारा प्रोटेक्शन रिले वेळेवर सुटला नाही तर सप्लायचा ४०-५० व्होल्ट डीसी वूफरच्या कॉइलमध्ये घुसतो, आणि कॉइलचा करपट वास काही सेकंदांत खोलीभर होतो.

डबी वापरायचीच असेल तर दोन्ही चॅनेलच्या लाल आणि काळ्या, चारही वायरी तोडणारी हवी, आणि दुसरा संपर्क जोडण्याआधी पहिला तुटायला हवा. अँप न जोडता मीटर बीपवर (जोड असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून तपासा. स्विच कुठेही असो, अ अँपच्या कोणत्याही टर्मिनलचा ब अँपशी बीप येता कामा नये. त्यापेक्षा हाताने बदलणं बरं. पॉवर अँप बंद करायचा, लाइट पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, चार वायरी काढून लावायच्या. एका मिनिटाचं काम. ज्याला तेवढा दम नाही त्याने तुलनेच्या भानगडीत पडू नये.

मे महिना, व्होल्टेज आणि कूलर

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. २५ अंशाच्या खोलीत ज्याचं हीटसिंक ५५ ला स्थिरावतं, तो क्लास ए अँप (आवाज नसतानाही सतत करंट ओढून तापणारा) ४३ च्या खोलीत ७३ ला जाईल. असा अँप कपाटात कोंबून ‘दुपारी आवाज बिघडतो’ म्हणू नका. वर आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडा. कूलरचा झोत मात्र थेट अँपवर नको. ती हवा ओली असते, सोबत धूळ आणते, आणि धुळीचा ओला थर बोर्डावर बसला की विजेची गळती सुरू होते. शिवाय कूलर चालू असताना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. ऐकायचा वेळ पहाटेचा किंवा रात्री उशिराचा ठेवा.

व्होल्टेजचं गणित तर कोणी मांडतच नाही. बहुतेक मोठ्या अँपचा सप्लाय रेग्युलेटेड नसतो, लाइनचं व्होल्टेज उतरलं की तोही उतरतो. २३० चे २०० व्होल्ट झाले की कमाल पॉवर जवळजवळ चोवीस टक्क्यांनी उतरते. शेतावरच्या मोटारी सुरू असताना एक अँप आणि बंद झाल्यावर दुसरा ऐकला, तर तुलना अँपची झाली नाही, लाइनची झाली. दोन्ही वेळेचं व्होल्टेज कागदावर लिहून ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर तुलना करूच नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. अँप गरम न करता ऐकणं: दोन्ही अर्धा-पाऊण तास आधी चालू ठेवा. चालू अँपची आरसीए उपसणं: वूफरला जोराचा झटका बसतो. डँपिंग फॅक्टर (स्पीकरचा रोध अँपच्या आतल्या रोधाच्या किती पट, तो आकडा) हजार बघून भाळणं: पाच मीटर लांब, एक चौरस एमएमची वायर टाकली की जाऊन-येऊन ०.१८ ओहम वायरीतच बसतात, मग हजारचा उपयोग काय? अडीच एमएमची वायर टाका, ०.०७ वर येतं.

आणि स्पीकरमधून गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थ पिन कापणं. हे जीवघेणं आहे, कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी करू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याशी तिचा संपर्क सुटतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, वायरमनकडून न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरिंग नीट करून घ्या. तरीही गुणगुण राहिली तर इनपुटच्या आरसीए एकेक करून काढून बघा, प्रत्येक वेळी अँप बंद करून.