हार्ट फेल्युअरच्या पेशंटला पथ्याचं मोल किती? मोजायची एक साधी रीत

'रोज वजन करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?' असं हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडून अंगात पाणी साठणाऱ्या, पेशंटला विचारा. उत्तर ठरलेलं : 'खूप.' मीठ कमी खाणं? 'खूप.' चालणं? 'खूपच हो, सिस्टर.' एक ते पाचच्या पट्टीवर सगळीकडे पाचावर गोल, आणि दिवसाअखेर हातात नुसती पाचांची रांग. युनिफॉर्म घातलेलं माणूस समोर बसलेलं असताना 'मला ते फालतू वाटतं' असं कोण म्हणेल?

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकलाच असल्याने प्रबंधासाठी प्रश्नावल्या घेऊन फिरणाऱ्या पोरापोरींची इथे वाण नाही. नर्सिंगवाले असोत की फिजिओवाले, कार्डिओलॉजीच्या ओपीडीत आले की माझ्या समुपदेशनाच्या टेबलाशी थांबतात आणि विचारतात, 'मॅडम, हे कसं मोजायचं?' त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहून काढलंय.

आधी एक ठरवा. पेशंट काय करतो ते मोजायचंय, की त्याला कशाचं मोल वाटतं ते? पहिल्यासाठी तयार साधनं आहेत. बार्बरा रीगल आणि सहकाऱ्यांचा 'सेल्फ-केअर ऑफ हार्ट फेल्युअर इंडेक्स' २००४ चा, त्याची ७.२ ही आवृत्ती २०१९ ची. रोजची काळजी, लक्षणं ओळखणं आणि लक्षणं दिसल्यावर केलेले उपाय असे तीन भाग. प्रत्येकाचे गुण शंभरपैकी वेगळे काढायचे, ७० किंवा वर असले की पुरेसं मानतात. टिनी यार्स्मा यांच्या गटाची युरोपीय मोजपट्टी २००३ ची, १२ विधानांची. २००९ मध्ये ती ९ विधानांची झाली. तिच्यात १ म्हणजे 'पूर्ण सहमत', म्हणजे मूळ पद्धतीत बेरीज जितकी कमी तितकी काळजी चांगली. एक्सेलमध्ये हे ध्यानात ठेवलं नाही तर प्रबंधाचा निष्कर्ष डोक्यावर उभा राहतो.

पण वजन रोज करणाऱ्याला ते मोलाचं वाटतंच असं नाही. मोल मोजायचं तर माणसाला निवड करायला लावावी लागते. बाजारसंशोधनात 'बेस्ट-वर्स्ट स्केलिंग' नावाची पद्धत आहे, जॉर्डन लूव्हिएर यांनी १९८० च्या दशकात काढलेली. थोडक्यात, काही गोष्टी समोर ठेवायच्या आणि सगळ्यात जास्त गरजेची एक, सगळ्यात कमी गरजेची एक, अशा दोन निवडायला सांगायच्या. सगळ्याला 'खूप' म्हणायची सोयच राहत नाही.

माझी सात कार्डं अशी : १. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून लिहिणं. २. मीठ कमी. ३. लघवीची गोळी न चुकवणं. ४. पाय आणि घोटे दाबून सूज बघणं. ५. रोज झेपेल तेवढं चालणं. ६. दमण्याआधी विसावा घेणं. ७. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं किंवा दम वाढला तर लगेच फोन करणं. 'पाणी मोजून पिणं' मुद्दाम घेतलेलं नाही, कारण ते सगळ्यांना सांगितलेलं नसतं. डॉक्टरांनी जे सांगितलंच नाही त्याचं मोल विचारण्यात काय अर्थ?

कार्डावरचं वाक्य तपासून घ्या. 'मीठ कमी' एवढंच लिहिलंत तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'भाजीत कमी' असा लागतो. पापड, लोणचं, चिवडा हे कुणी हिशेबात धरत नाही, आणि नाशिकची मिसळ तर पापडाशिवाय पुढ्यात येतच नाही. म्हणून माझ्या कार्डावर आहे : 'पापड-लोणचं धरून दिवसाला एक छोटा चमचा मीठ, जास्त नाही.' तेवढ्यात साधारण पाच ग्रॅम बसतं. अक्षर मोठं, शेजारी चित्र. मेन रोडवर कार्डशीट घ्या आणि लॅमिनेशन करून आणा. ओपीडीच्या टेबलावर चहा सांडतोच. बागलाण-मालेगावकडच्या म्हाताऱ्या माणसांना अहिराणीत वाचून दाखवणारं कुणी सोबत असेल तर उत्तम.

आता मांडणी. एका वेळी तीनच कार्डं ठेवायची, सात वेळा : १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३. ताडून पाहा, प्रत्येक कार्ड तीनदा येतं आणि कुठल्याही दोन कार्डांची गाठ बरोबर एकदाच पडते. चार-चार कार्डांचीही मांडणी होते, पण दम लागणारं, रात्री उशीवर उशी ठेवून झोपलेलं माणूस चार वाक्यं डोक्यात धरू शकत नाही. सातही फेऱ्यांचा क्रम प्रत्येक पेशंटसाठी पिसून घ्या.

प्रश्न एकच ठेवा : 'बाबा, तब्येत टिकवायला या तिन्हीतलं सगळ्यात जास्त गरजेचं कोणतं? आणि सगळ्यात कमी गरजेचं?' काही विद्यार्थी दुसरा प्रश्न 'यातलं सोडायचं झालं तर काय सोडाल?' असा करतात. तो नको. त्यात जे जड जातं ते सुटतं, आणि मोजायला निघालो होतो ते बाजूला राहतं.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार बाबा २-३-५ च्या फेरीला बसले होते. गोळीचं कार्ड त्यांनी झटकन वर सरकवलं. मिठाच्या कार्डावर बोट ठेवून थोडं थांबले, मग ते खाली ओढत म्हणाले, 'हे सूनबाईच्या हातात हाये, माझ्या नाही.' म्हणजे त्यांच्या लेखी मीठ बिनगरजेचं नव्हतं, ते त्यांच्या अखत्यारीतलं नव्हतं. अशा वेळी प्रश्न पुन्हा नीट वाचून दाखवा, निवड जी होईल ती लिहा, आणि बोललेलं वाक्य समासात जसंच्या तसं उतरवा. नातेवाइकांना तेवढा वेळ बाहेर बाकावर बसवा. सून शेजारी उभी असेल तर मिठाचं कार्ड कुठे जाईल हे सांगायला संशोधन लागत नाही.

वेळेचं भान ठेवा. सुरगाणा-पेठहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस त्या दिवशी लघवीची गोळी घेतच नाही. वाटेत गाडी थांबवणार कोण? म्हणून 'आज गोळी घेतली का?' याऐवजी गेल्या आठवड्याचं विचारा. जवळ राहणारे गोळी घेऊन येतात. फ्युरोसेमाइडचा, म्हणजे या लघवीच्या गोळीचा, जोर पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जास्त, त्यामुळे त्यांना मधेच उठावं लागतं. स्वच्छतागृहाजवळची खोली मिळवा आणि बिनधास्त उठू द्या. घाईत दिलेली निवड कागदावर दिसत नाही, पण ती चुकीची असते.

गुण काढणं सोपं आहे. 'जास्त गरजेचं' म्हणून जितक्यांदा निवडलं त्यातून 'कमी गरजेचं' म्हणून जितक्यांदा निवडलं ते वजा करा. प्रत्येक कार्डाला उणे तीन ते अधिक तीनमधला आकडा मिळतो. सातही आकड्यांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. नाही आली तर नोंद चुकली. शिवाय तीन कार्डांतलं वरचं आणि खालचं कळलं की मधलं आपोआप कळतं, त्यामुळे सगळ्या २१ जोड्यांचा निकाल हाती येतो. वजन मिठाहून वर, मीठ चालण्याहून वर, आणि चालणं पुन्हा वजनाहून वर अशी चक्रं एकाच पेशंटच्या उत्तरात फार दिसली तर तो थकला होता किंवा कार्डं कळली नव्हती असं समजा.

या रीतीची मोठी मर्यादा त्या शून्यातच आहे. सगळंच पटलेला आणि काहीच न पटलेला, दोघांचे गुण अगदी सारखे येऊ शकतात. त्यामुळे शेवटी सातही कार्डं एकदम हातात द्या आणि दोन गठ्ठे करायला सांगा : 'हे करायलाच हवं' आणि 'नाही केलं तरी चालतंय.' दुसऱ्या गठ्ठ्यात किती कार्डं गेली ते लिहा. हा आकडा नसेल तर नुसत्या क्रमवारीवरून 'पेशंटला पथ्याचं मोल वाटतं' असं विधान करू नका.

मग हे गुण सुरुवातीला सांगितलेल्या वागण्याच्या मोजपट्टीशेजारी ठेवा. मोल वरचं आणि वागणं खालचं असेल तर अडचण शोधा : घरी वजनकाटाच नसतो, किंवा असतो पण आकडा दिसत नाही. मोल खालचं आणि वागणं चांगलं असेल तर बहुतेक घरातलं दुसरं कुणीतरी ते सांभाळतंय, आणि ते माणूस माहेरी किंवा गावी गेलं की घडी विस्कटते. मला स्वतःला हा दुसरा गट जास्त धोक्याचा वाटतो. कागदावर त्याचे गुण छान असतात, म्हणून त्याच्याशी कुणी बोलतच नाही.

प्रबंधाच्या गाईडने क्रॉनबाख अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) मागितला तर नम्रपणे सांगा की या गुणांना तो लागू पडत नाही, कारण एक कार्ड वर गेलं की दुसरं खाली जाणारच. त्याऐवजी साधारण दोन आठवड्यांनी तीच कार्डं पुन्हा दाखवा आणि निवड तशीच राहते का ते बघा. मधल्या काळात ज्यांचं औषध बदललं किंवा जे ॲडमिट झाले त्यांना या तपासणीतून वगळा. एनवायएचए श्रेणी (हालचालीने किती दम लागतो त्यावरून ठरणारी, पहिली सौम्य ते चौथी गंभीर) प्रत्येकाची नोंदवा. चौथ्या श्रेणीतल्या माणसाचं 'चालणं' आणि दुसऱ्या श्रेणीतल्याचं 'चालणं' एका सरासरीत घालू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, अंगठा देणाऱ्याच्या संमतीला तटस्थ साक्षीदार, हे तर आलंच.

बोलता बोलता पेशंट म्हणाला की 'दोन रात्री बसूनच काढल्या', म्हणजे आडवं झालं की दम लागत होता, तर कार्डं तिथेच गोळा करा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. बाकीच्यांना उठण्याआधी स्पष्ट सांगा की कार्डं वरखाली लावली ती आमच्या अभ्यासासाठी, घरी सातही करायची आहेत. नाहीतर 'सिस्टरनेच सांगितलं, मीठ शेवटी' हे सूनबाईंच्या कानावर पोचतं.