चिंता कमी व्हावी म्हणून वजन उचलताय? या चुका टाळा

वजनाच्या व्यायामाने चिंता कमी होते, याला अभ्यासाचा आधार आहे. २०१७ साली अशा १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निरोगी माणसं आणि आजारी माणसं, दोन्ही गटांत चिंतेची लक्षणं घटलेली दिसली. तरीही चिंतेचा त्रास असलेली कितीतरी माणसं जिम अर्ध्यावर सोडतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बहुतेकांचं गाडं पहिल्याच आठवड्यात अडतं. स्क्वॅटचा सेट संपतो, छाती धडधडते, धाप लागते, तळहातांना घाम येतो. ज्याला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, येऊन गेलाय त्याला ही लक्षणं नेमकी ओळखीची असतात. ‘आला परत’ असं वाटून तो डंबेल ठेवतो आणि बाहेर पडतो. सगळ्यात मोठी चूक हीच. पळालात की मेंदूची खात्री पटते की धोका खराच होता. त्याऐवजी तिथेच बाकावर बसा, खांदे सैल सोडा, श्वास सावकाश बाहेर सोडा. काही मिनिटांत धडधड आपोआप उतरू लागते. हे वारंवार अनुभवलं की धडधड आणि संकट यांची मनात बसलेली सांगड सुटत जाते. मानसोपचारातही पॅनिकच्या रुग्णांना मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतात, ते याचसाठी. मात्र छातीवर दाब येणं, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही लक्षणं चिंतेच्या खात्यात टाकू नका. व्यायाम थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्या.

दुसरी चूक म्हणजे श्वास कोंडून वजन उचलणं. त्याने रक्तदाब एकदम चढतो, डोकं हलकं होतं आणि घाबरायला आणखी एक निमित्त मिळतं. जोर लावताना श्वास सोडा, वजन खाली आणताना घ्या.

व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर तर चिंताग्रस्त माणसाने सरळ बाजूला ठेवावी. अनेक पावडरींच्या एका मात्रेत १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेली मात्रा मध्यरात्रीही अंगात असते. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी चिंता वाढलेलीच.

डोक्यातला ताण काढायचा म्हणून रोज दमून कोसळेपर्यंत उचलणारेही असतात. ट्रेनरने ‘अजून एक, अजून एक’ म्हटलं तरी आणखी दोन रेप्स, म्हणजे आणखी दोनदा वजन उचलणं, निघतील इथेच थांबा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगते. सुरुवातीला तेवढं पुरे. मधे एक-दोन दिवस सोडा. जिममधली गर्दी, आरसे नकोसे वाटत असतील तर घरीच बैठका, भिंतीला टेकून जोर आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या यांवर महिनाभर काढायला हरकत नाही.

आणि बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या तर चिंता उसळून येते. मात्रा डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, सुरू असेल तर मनगटावरच्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा कमीच दिसतो, तेव्हा मेहनतीचा अंदाज आपल्या धापेवरून घ्या. व्यायाम करूनही झोप, जेवण, काम कोलमडत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.